विंडोज एक्सपीवरचा ग्रंथालयाचा प्रोग्रॅम विंडोज ११ वर आणताना

आमच्या संस्थेच्या छोट्या ग्रंथालयातील पुस्तकांची नोंद, देवघेव आणि वर्गणी हे सारे काम ज्या प्रोग्रॅमवर चालते, तो व्हिज्युअल बेसिक ६ मध्ये लिहिलेला असून त्याची माहिती अ‍ॅक्सेस ९७ या डेटाबेस प्रोग्रॅमच्या धाटणीच्या एका एमडीबी फाइलमध्ये साठवलेली आहे. तो लिहून देणारी मंडळी या व्यवसायातून केव्हाच बाहेर पडली, सोर्स कोड कोणाकडेच नाही, आणि हाताशी उरली ती एक सीडी, अनुक्रमांक लिहिलेला एक कागद व विंडोज एक्सपीवर चालणारा जुना संगणक. त्या संगणकाची हार्ड डिस्क आवाज करू लागली तेव्हा प्रोग्रॅम बदलायचा की संगणक, हा प्रश्न टाळता येईना. नवा प्रोग्रॅम घेण्यापूर्वी जुना निदान काही काळ नव्या संगणकावर चालावा, म्हणजे माहिती शांतपणे दुसरीकडे नेता येईल, असे ठरले आणि ते काम माझ्याकडे आले.

नव्या संगणकावर विंडोज ११ होते. ही आवृत्ती केवळ ६४-बिट (प्रोसेसर एका दमात ६४ बिटांचे आकडे हाताळतो अशा) स्वरूपात मिळते, आणि जुन्या प्रोग्रॅमच्या बाबतीत हा एक मुद्दा बाकी सगळ्या मुद्द्यांहून भारी ठरतो. विंडोज १० ची ३२-बिट आवृत्ती मिळत असे, परंतु विंडोज १० चा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला असल्याने त्या वाटेने जाण्यात अर्थ नव्हता. कशालाही हात लावण्यापूर्वी जुन्या डिस्कवरील प्रोग्रॅमचे फोल्डर, एक्सपीचे सिस्टम३२ फोल्डर आणि कॉमन फाइल्स हे फोल्डर जसेच्या तसे बाहेरच्या डिस्कवर उतरवून घेतले. रजिस्ट्रीतील, म्हणजे विंडोज व प्रोग्रॅम आपली सेटिंग ठेवतात त्या नोंदवहीतील, सॉफ्टवेअर आणि क्लासेस या शाखाही निर्यात करून ठेवल्या. या शेवटच्या गोष्टीचा पुढे किती उपयोग होणार आहे, याची तेव्हा पुरती कल्पना नव्हती.

सीडीवरील सेटअप फाइल उघडताच, हे अ‍ॅप या संगणकावर चालू शकत नाही, अशा अर्थाचा संदेश आला. अशा वेळी बहुतेक जण फाइलच्या गुणधर्मांत जाऊन कंपॅटिबिलिटी टॅबवर विंडोज एक्सपी निवडतात. मीही ते करून पाहिले आणि अपेक्षेप्रमाणे काहीही फरक पडला नाही. या टॅबची ख्याती त्याच्या कर्तृत्वापेक्षा मोठी आहे. तो प्रोग्रॅमला विंडोजची आवृत्ती खोटी सांगतो, जुन्या काही सवयी निभावून नेतो, आणि ज्या प्रोग्रॅमांनी आवृत्तीचा आकडा चुकीच्या रीतीने तपासला आहे त्यांचे काम त्याने होते. असे प्रोग्रॅम इतके असत की खुद्द विंडोज ९५ आपला क्रमांक जुन्या १६-बिट प्रोग्रॅमांना ४.० असा न सांगता ३.९५ असा सांगत असे, आणि विंडोज ७ चा आतला क्रमांक ७ नसून ६.१ आहे तोही याच कारणाने. परंतु जी फाइल जागेवरच नाही ती हा टॅब आणून देऊ शकत नाही, आणि १६-बिट प्रोग्रॅम ६४-बिट विंडोजवर चालवणे तर त्याच्या आवाक्यातलेच नाही.

आमची सेटअप फाइल नेमकी कोणत्या जातीची आहे हे पाहण्यासाठी ती हेक्स एडिटरमध्ये, म्हणजे फाइलचे कच्चे बाइट दाखवणाऱ्या साधनात, उघडली. कोणत्याही ईएक्सई फाइलची पहिली दोन अक्षरे एम आणि झेड अशी असतात. डॉसच्या काळात ही रचना तयार करणारे मायक्रोसॉफ्टचे मार्क झ्बिकोव्स्की यांची ती आद्याक्षरे. त्यापुढे हेक्स पद्धतीने मोजलेल्या ३सी या स्थानावर एक आकडा असतो आणि खरा मथळा फाइलमध्ये कुठे सुरू होतो हे तो सांगतो. त्या जागी जाऊन पाहिले तेव्हा तिथे एन आणि ई ही अक्षरे दिसली, म्हणजे फाइल विंडोज ३.१ च्या काळातील १६-बिट घडणीची. मग जुन्या संगणकावरून उतरवलेली प्रोग्रॅमची मुख्य फाइल तशीच उघडली. तिच्यात पी आणि ई, त्यापुढे दोन शून्य बाइट आणि मग ४सी ०१ असे होते. ही ३२-बिट प्रोग्रॅमची खूण आहे, ६४-बिट प्रोग्रॅममध्ये त्या जागी ६४ ८६ असते. चित्र स्पष्ट झाले. प्रोग्रॅम चालण्यासारखा होता, त्याला बसवणारा इन्स्टॉलर तेवढा चालणार नव्हता. एकोणीसशे नव्वदच्या दशकातील अनेक ३२-बिट प्रोग्रॅमांचे असेच आहे, कारण इन्स्टॉलर विंडोज ३.१ वरही उघडावा आणि निदान नीट संदेश द्यावा म्हणून तो १६-बिट ठेवला जाई. ६४-बिट विंडोज अशा इन्स्टॉलरांपैकी काही प्रचलित नमुने ओळखते आणि त्यांच्या जागी स्वतःकडील ३२-बिट पर्याय गुपचूप वापरते. आमचा इन्स्टॉलर त्या नमुन्यांत बसत नव्हता.

हा अडथळा मायक्रोसॉफ्टच्या लहरीखातर आलेला नाही, हेही नमूद करायला हवे. ६४-बिट विंडोज चालू असताना प्रोसेसर ज्या अवस्थेत असतो, तिच्यात जुन्या ८०८६ चे सोंग घेण्याची सोयच नाही. शिवाय विंडोज आपल्या प्रत्येक खिडकीला किंवा फाइलला जो हँडल क्रमांक देते, त्यातील ३२ बिट ६४-बिट आवृत्तीत अर्थपूर्ण असतात आणि ते १६ बिटांत कोंबता येत नाहीत. ज्यांचा मूळ प्रोग्रॅमच डॉसवरचा आहे त्यांनी डॉसबॉक्स हा डॉसचे सोंग घेणारा प्रोग्रॅम पाहावा. ज्यांचा प्रोग्रॅम १६-बिट विंडोजचा आहे त्यांनी व्हर्च्युअल मशीनमध्ये, म्हणजे संगणकाच्या आत सॉफ्टवेअरने उभ्या केलेल्या दुसऱ्या संगणकात, जुने विंडोज बसवावे. आम्हाला त्याची गरज नव्हती. शिवाय एक्सपीचा पाठिंबा ८ एप्रिल २०१४ रोजीच संपलेला असल्याने ते व्हर्च्युअल मशीन नेटवर्कपासून तोडून ठेवावे लागले असते, आणि मग छपाई व फाइलींची ने-आण यांसाठी रोज नवी कसरत करावी लागली असती.

इन्स्टॉलर अखेर तीनच गोष्टी करतो. तो फाइली जागच्या जागी ठेवतो, घटकांची, म्हणजे प्रोग्रॅम वापरतो त्या तयार सुट्या भागांची, विंडोजकडे नोंदणी करतो आणि रजिस्ट्रीत काही नोंदी लिहितो. हे सारे हाताने करायचे ठरवले. व्हिज्युअल बेसिक ६ चा मूळ रनटाइम आजही विंडोजबरोबर येतो. हे साधन १९९८ चे, त्यात प्रोग्रॅम लिहिण्याच्या वातावरणाचा पाठिंबा २००८ मध्ये संपला, तरी त्यात लिहिलेले प्रोग्रॅम चालवण्याची सोय मायक्रोसॉफ्टने विंडोजमध्ये कायम ठेवली आहे. त्यामुळे मुख्य फाइल उघडताच प्रोग्रॅमने निदान तोंड उघडले आणि रन-टाइम एरर ३३९ दाखवली. ही एरर उपकारक म्हणावी लागेल, कारण कोणता ओसीएक्स घटक सापडत नाही त्याचे नाव ती सांगते. आमच्याकडे पहिले नाव तक्ता दाखवणाऱ्या फ्लेक्सग्रिड घटकाचे आले, मग कॉमन डायलॉगचे, मग आणखी काही. प्रत्येक फाइल एक्सपीच्या उतरवून ठेवलेल्या सिस्टम३२ फोल्डरमधून घेतली, प्रोग्रॅमच्याच फोल्डरमध्ये ठेवली आणि तिथूनच तिची नोंदणी केली. अशा फाइली फुकट देणारी संकेतस्थळे पुष्कळ आहेत, परंतु ज्या फाइलला प्रशासकाच्या अधिकारात चालवायचे ती अनोळखी ठिकाणाहून घेऊ नये, एवढे भान ठेवावे.

नोंदणीसाठी कमांड प्रॉम्प्ट प्रशासक म्हणून उघडून सिसवॉव६४ फोल्डरमधील रेगएसव्हीआर३२ वापरला. इथे नावांचा जो घोळ आहे तो एकदा डोक्यात पक्का बसवल्यावाचून पुढे जाऊ नये: ६४-बिट विंडोजमध्ये सिस्टम३२ या फोल्डरमध्ये ६४-बिट फाइली असतात आणि सिसवॉव६४ या फोल्डरमध्ये ३२-बिट. जुन्या प्रोग्रॅमांत सिस्टम३२ हे नाव जागोजागी कोरलेले असल्याने ते बदलता आले नाही, हे कारण पटण्यासारखे आहे, पण म्हणून डोके दुखायचे थांबत नाही.

३३९ संपल्यावर ४२९ सुरू झाली. तिचा अर्थ एवढाच की प्रोग्रॅमला हवा असलेला एक अ‍ॅक्टिव्हएक्स घटक तयार करता आला नाही. तो कोणता, हे मात्र ती सांगत नाही. या ठिकाणी प्रोसेस मॉनिटर हे साधन कामी आले. मार्क रसिनोविच आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या सिसइंटर्नल्स साधनांपैकी हे एक असून २००६ मध्ये त्यांची कंपनी मायक्रोसॉफ्टने घेतली, आणि साधन आजही विनामूल्य मिळते. एखादा प्रोग्रॅम कोणती फाइल व रजिस्ट्रीतील कोणती कळ उघडू पाहतो आणि त्याचा निकाल काय लागतो, हे त्यात ओळीओळीने दिसते. चाळणी लावली नाही तर क्षणात लाखभर ओळी जमतात, म्हणून प्रथम केवळ आमच्या प्रोग्रॅमचे नाव ठेवले आणि मग निकालाच्या रकान्यात नेम नॉट फाउंड असलेल्या ओळीच तेवढ्या राहू दिल्या. त्यांतल्याही बहुतेक निरुपद्रवी असतात, कारण विंडोज एकच फाइल अनेक ठिकाणी शोधते आणि सापडेपर्यंत प्रत्येक ठिकाणी नकार नोंदवते. एररची खिडकी उघडण्याच्या थोड्या आधीच्या ओळी तेवढ्या महत्त्वाच्या. तिथे रजिस्ट्रीच्या सीएलएसआयडी (घटकांचे ओळखक्रमांक) या शाखेतील महिरपी कंसातला एक लांबलचक क्रमांक वारंवार मागितलेला दिसला. तोच क्रमांक जुन्या संगणकाच्या निर्यात केलेल्या रजिस्ट्रीत शोधला आणि त्याच्यापुढे डीएओ ३५० या फाइलचा पत्ता मिळाला.

म्हणजे प्रोग्रॅम डेटाबेस उघडण्यासाठी डीएओ ३.५ ही जुनी लायब्ररी आणि तिच्यामागचे जेट ३.५ इंजिन मागत होता. विंडोज ११ मध्ये त्यापुढची पिढी, म्हणजे डीएओ ३.६ आणि जेट ४.०, ३२-बिट स्वरूपात अजून आहे. पण सीएलएसआयडी वेगळा असल्याने आमच्या प्रोग्रॅमला ती चालत नव्हती. जुन्या कॉमन फाइल्स फोल्डरमधून डीएओची फाइल आणि सिस्टम३२ मधून जेटच्या फाइली आणल्या, ज्यांची नोंदणी होते त्यांची केली, आणि प्रत्येक पावलानंतर प्रोसेस मॉनिटर पुन्हा लावून पुढची उणीव शोधली. काम कंटाळवाणे खरे, पण त्यात अंदाज बांधण्याची वेळ कुठेच आली नाही, आणि मला ही रीत अमुक चालते का पाहू, तमुक चालते का पाहू या पद्धतीपेक्षा कितीतरी बरी वाटते.

त्यानंतर प्रोग्रॅमने अनुक्रमांक मागितला, आणि कागदावरचा अनुक्रमांक देऊनही पुढच्या वेळी तो पुन्हा मागू लागला. हा अनुक्रमांक रजिस्ट्रीच्या स्थानिक संगणकाच्या शाखेत लिहिला जातो आणि साध्या वापरकर्त्याला तिथे लिहिता येत नाही. जुन्या संगणकावरून निर्यात केलेली नोंद सरळ आयात केली तरी भागले नाही, कारण ३२-बिट प्रोग्रॅमला सॉफ्टवेअर शाखा म्हणून प्रत्यक्षात दिसते ती वॉव६४३२नोड ही उपशाखा. निर्यात केलेली फाइल नोटपॅडमध्ये उघडून पत्त्यात ते नाव घातले आणि मग आयात केली, तेव्हा तो प्रश्न मिटला.

प्रोग्रॅम पूर्ण उघडला, पुस्तकांची यादी दिसली, आणि इथे बरेच जण काम झाले म्हणून थांबतात. खरी धोक्याची गोष्ट मात्र चाचणी घेताना लक्षात आली. एका वापरकर्त्याच्या खात्यातून नोंदवलेले पुस्तक दुसऱ्या खात्यातून दिसत नव्हते. प्रशासक म्हणून प्रोग्रॅम उघडला तर दोघांच्याही नोंदी गायब, आणि पहिल्या खात्यात परत गेले की त्याची नोंद जागच्या जागी. कुठेही एरर नाही, कुठेही तक्रार नाही. कारण असे की प्रोग्रॅम मी प्रोग्रॅम फाइल्स फोल्डरमध्ये ठेवला होता, आणि तो आपली एमडीबी फाइल शेजारीच ठेवतो. एक्सपीच्या काळात हे सर्रास चाले, कारण बहुतेक जण प्रशासक म्हणूनच काम करीत. व्हिस्टापासून प्रशासकाच्या खात्यातूनही प्रोग्रॅम एरवी साध्या वापरकर्त्याच्या अधिकारांतच चालतात, आणि त्या अधिकारांत त्या फोल्डरमध्ये लिहिता येत नाही. पण तेवढ्यासाठी जुने ३२-बिट प्रोग्रॅम बंद पडू नयेत म्हणून विंडोज लिहिण्याची विनंती नाकारत नाही, तर ती फाइल त्या वापरकर्त्याच्या अ‍ॅपडेटा फोल्डरातील व्हर्च्युअलस्टोअर या जागी उतरवून पुढचे सगळे लेखन तिथे वळवते. प्रत्येक खात्याची आपली वेगळी प्रत तयार होते आणि प्रत्येकाला आपलीच प्रत मूळ वाटते. प्रशासकाच्या अधिकारात उघडलेल्या प्रोग्रॅमला मात्र ही सोय लागू नसल्याने त्याला खरी मूळ फाइल दिसते.

सोय म्हणून केलेली गोष्ट इतकी शांतपणे घात करू शकते याचे याहून चांगले उदाहरण माझ्या पाहण्यात नाही. ग्रंथालयात दोन जण आपापल्या खात्यातून काम करतात. महिनाभर असे चालले असते तर दोन वेगळ्या देवघेवी एकत्र करण्याची वेळ आली असती. उपाय अगदी साधा आहे. प्रोग्रॅम सी ड्राइव्हवर प्रोग्रॅम फाइल्सच्या बाहेर स्वतंत्र फोल्डरमध्ये हलवला, त्यातील घटकांची नव्या पत्त्यावरून पुन्हा नोंदणी केली, दोन्ही खात्यांतील व्हर्च्युअलस्टोअरमधल्या प्रती काढून टाकल्या आणि नंतर दोन्ही खात्यांतून एकमेकांच्या नोंदी दिसतात याची खात्री केली. कायम प्रशासक म्हणून चालवणे हा उपाय अनेक जण सुचवतात. रोज माहिती भरणाऱ्या माणसाच्या हाती त्यासाठी संगणकाचे सारे अधिकार देणे मला मुळीच पटत नाही.

बाकीच्या अडचणी किरकोळ होत्या. अक्षरे धूसर दिसत, ते हाय डीपीआयच्या सेटिंगमध्ये स्केलिंगसाठी सिस्टम (एन्हान्स्ड) हा पर्याय निवडून बरेच सुधारले. मदतीची एचएलपी फाइल उघडली नाही, कारण ती दाखवणारा विनहेल्प व्हिस्टापासून विंडोजबरोबर येत नाही आणि विंडोज १० पासून तो वेगळाही मिळत नाही. जुना संगणक चालू होता तोवर तिची पाने पीडीएफमध्ये छापून घेतली. डीफॉल्ट प्रिंटर आपोआप बदलण्याची विंडोजची सवय बंद केली, नाहीतर प्रोग्रॅम नोंदकार्डे भलत्याच प्रिंटरवर पाठवीत असे. तारखेचे लघुरूप चार अंकी वर्षासह ठरवून दिले, म्हणजे दोन अंकी वर्षाचे शतक कोणते हे विंडोजच्या भरवशावर राहिले नाही.

अक्षरांचा एक प्रश्न मात्र थोडा खोल होता. काही युरोपीय लेखकांच्या नावांतील स्वरचिन्हे असलेली अक्षरे प्रश्नचिन्हे होऊन येऊ लागली. जेट ३.५ युनिकोड, म्हणजे सर्व भाषांची अक्षरे एकत्र मांडणारी पद्धत, जाणत नाही. युनिकोड जेट ४ पासून आला. त्यामुळे या फाइलमधील मजकूर ज्या कोडपेजमध्ये, म्हणजे अक्षरांना आकडे देणाऱ्या ज्या तक्त्यात, लिहिला गेला, तेच कोडपेज नव्या संगणकावर युनिकोड नसलेल्या प्रोग्रॅमांसाठी ठरवलेले असावे लागते. नव्या संगणकावर त्याच खिडकीत जगभरातील भाषांसाठी यूटीएफ-८ (युनिकोडचे एक रूप) वापरण्याचा बीटा पर्याय कोणीतरी चालू करून ठेवला होता. नव्या प्रोग्रॅमांना तो चालतो, जुन्यांचे मात्र सगळे हिशेब चुकवतो. तो बंद करून जुन्या संगणकावरचेच लोकेल (भाषा व प्रदेशाचे सेटिंग) निवडले आणि संगणक पुन्हा सुरू केला. नावे पूर्ववत दिसली. चाचणीच्या काळात कोणी अशी नोंद उघडून जतन केली नव्हती हे नशीब, कारण प्रश्नचिन्ह म्हणून जतन झालेले अक्षर परत मिळवता येत नाही.

प्रोग्रॅम आता रोजच्या वापरात आहे, परंतु मूळ हेतू माहिती बाहेर काढण्याचा होता. अ‍ॅक्सेस २०१३ पासून पुढच्या आवृत्त्या अ‍ॅक्सेस ९७ ची फाइल उघडत नाहीत. सुदैवाने विंडोजमधील जेट ४.० ती वाचू शकते, मात्र केवळ ३२-बिट प्रोग्रॅममधून. म्हणून सिसवॉव६४ मधील ३२-बिट पॉवरशेल हे आज्ञा देण्याचे साधन उघडून त्यातून एकेक तक्ता यूटीएफ-८ सीएसव्हीमध्ये, म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेल्या साध्या मजकूर फाइलमध्ये, उतरवला. ओडीबीसी या डेटाबेसशी जोडणाऱ्या व्यवस्थेच्या वाटेने जायचे असेल तर त्याची व्यवस्थापन खिडकीही ३२-बिट हवी, आणि तिची फाइल सिसवॉव६४ मध्ये व ६४-बिट खिडकीची फाइल सिस्टम३२ मध्ये असूनही दोघींचे नाव ओडीबीसीएडी३२ असेच आहे, हे ध्यानात ठेवावे.

उतरवलेल्या नोंदी आणि प्रोग्रॅमचा अहवाल यांतील पुस्तकांची संख्या प्रथम जुळली नाही. सीएसव्हीमध्ये पुस्तके अधिक भरत होती. तक्त्यातील रकाने नीट पाहिल्यावर कळले की प्रोग्रॅम बाद केलेले पुस्तक कधीच खोडत नाही, एका रकान्यात खूण करून अहवालातून तेवढे वगळतो. त्या खुणेच्या नोंदी वेगळ्या काढल्यावर आकडे जुळले, आणि नव्या प्रोग्रॅमसाठी द्यायच्या माहितीत तो रकाना तसाच ठेवण्याची सूचना लिहून दिली.